एकशे सदतीस बाद

कवठसर, जि. सातारा
८ जानेवारी २०२६

प्रांजल,

‘सप्रेम’ लिहिण्यासाठी पेन उचललं होतं, पण हात वळला नाही. नुसता नमस्कार समज.

मंगळवारच्या पेपरात तुझा फोटो पाहिला. पाहिला म्हणजे मला दाखवण्यात आला. नानासो गुरुजी रोज साडेनऊला येतात, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं मनात वाचतात आणि अकराला जातात, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र त्यांनी तुझी बातमी मोठ्यानं वाचली, तीही ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून. ‘आटपाडीच्या माळावर पुस्तकांचा कळप’ असा मथळा होता. पुस्तकांचा कुठं कळप असतो का, पण छापलंय खरं. अर्जुनातात्यांनी मेंढरांची शेड रिकामी करून दिली, लेकीनं त्यात दोन हजार पुस्तकं जमवली, रोज सव्वाशे माणसं येतात. सव्वाशे हा आकडा मला जरा फुगवल्यासारखा वाटला. फोटोत तू डोक्यावर पदर घेतलायस. आमच्या माडीवर पाच वर्षं राहिलीस तेव्हा कधी घेतला नव्हतास.

गुरुजी म्हणाले, “बाई, ही तर आपल्या वाचनालयातली पोरगी. हिला का जाऊ दिलंत?” मी म्हटलं, तिला घरची ओढ लागली, नोकरी सोडून गेली. त्यांनी मान हलवली आणि कात्री मागितली. कात्रण आता सूचना फलकावर आहे. मी लावलेलं नाही. दादासोनं लावलं. शिपायाला एवढा उत्साह फरशी पुसताना आला तर बरं होईल.

पत्राचं कारण वेगळं आहे. डिसेंबरात इथं निवडणूक झाली, नगरपंचायतीत नवे लोक आले. अर्थ समितीचा सभापती विश्वजीत म्हणून आहे, तीस-बत्तीसचा असेल. गेल्या आठवड्यात तो मोजपट्टी घेऊन वाचनालयात आला. पुस्तकं बघायला नव्हे, हॉल मोजायला. एका पतसंस्थेला भाड्यानं द्यायचा विचार आहे. मला म्हणाला, “बाई, सभासद त्रेसष्ट. देवघेव रोजची नऊ-दहा पुस्तकं. चारशे बारा पुस्तकं गहाळ. एवढ्यासाठी आम्ही गावाचा पैसा कशाला घालायचा?” पुढच्या वर्षासाठी वाचनालयाला एक हजार रुपये धरलेत. लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं नुसतं नाव, जिवंत राहावं म्हणून. सव्वीस फेब्रुवारीला अंदाजपत्रकाची सभा आहे. त्यात मंजूर झालं की एप्रिलपासून दाराला कुलूप आणि पुस्तकं पोत्यात भरून पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत.

तेव्हा दप्तर नीट करून ठेवते आहे. लॉकडाऊनमध्ये तू वस्त्यांवर पुस्तकांच्या पिशव्या पोचवत होतीस, त्याची निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. ती तुझ्याकडं राहिली असावी. वही वाचनालयाची मालमत्ता आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवून द्यावी. खर्चाची पावती जोडलीस तर पैसे मिळतील.

बाकी ठीक.

रेश्मा
ग्रंथपाल


कवठसर
२१ जानेवारी २०२६

प्रांजल,

पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. तुला ते मिळालं, रविवारी तू ते चहा पिताना वाचलंस आणि ‘ग्रंथपाल’ या शब्दावर हसलीस. मला सगळं कळलंय. सृष्टी बोलता बोलता बोलून गेली आणि मग जीभ चावली.

म्हणजे माझी पोटची पोरगी सांगलीला कॉलेजात शिकते, दर शनिवारी मला ‘आई, सबमिशन आहे, यायला नाही जमणार’ असं सांगते, आणि रविवारी तीन तास एसटीत बसून आटपाडीला तुझ्याकडं जाते. तिथं म्हणे ती पुस्तकांना नंबर घालते. इथं वीस वर्षांत तिनं एका पुस्तकाला कव्हर घातलं नाही. मी तिला विचारलं, कधीपासून चाललंय हे? तर म्हणाली, पहिल्या वर्षापासून. सुभेदारसाहेबांना, म्हणजे आमच्या ह्यांना, हे माहीत होतं. बापलेकीनं मिळून दीड वर्ष मला वेड्यात काढलं. मी रागावले तर हे म्हणतात, “अगं, चांगल्या ठिकाणीच जातीय ना?” चांगल्या ठिकाणी. म्हणजे घर काय वाईट ठिकाण आहे का?

मला त्रास होतो, प्रांजल. स्पष्टच सांगते. तुझ्या गावात सव्वाशे माणसं येवोत नाहीतर सव्वा लाख येवोत, पण ही एक माझी होती.

असो. तू वही पाठवलेली नाहीस. पोस्टाचा घोटाळा असेल असं धरून पुन्हा लिहिते.

मधल्या काळात एक घडलं. माळवस्तीवरची हरणाबाई सोमवारी वाचनालयात आली. पायरीवर चपला काढून आत आली, काउंटरपाशी थांबली आणि पदरातून एक कादंबरी काढली. पाठीला बाहेरून गोधडीचा दोरा घालून शिवलेली. म्हणाली, “आवं बाई, ह्याचा दुसरा भाग हाय का? पयल्यात ती बाई माहेराला निघाल्याली हाय आन् पुस्तकच संपलं. चार बायका खोळंबल्यात तिच्यापायी.”

मी पुस्तक उघडलं. शिक्का आपला. दाखल क्रमांक आपला. गहाळ यादीत तिसऱ्या पानावर ते माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

विचारलं, हे कुठून आलं? ती म्हणाली, “प्रांजलबाई आणायच्या त्या पिशवीतलं. समदी हायत की. माळवस्ती, तळ्याची वस्ती, वीटभट्टीवरच्या बायका, समद्यांच्यात फिरत्यात. एकीचं झालं की दुसरीला. दोन भिजली पावसात आन् एक वासरानं खाल्लं. बाकीची हायत.” मग खाली बघून म्हणाली, “परत आणायची हुती, पर तुमी आमची नावं काटली म्हणं. नाव न्हाई तर आत कसं यावं?”

काटली नव्हती. काटणं वेगळं. मी ‘बाद’ लिहिलं होतं.

वहीबद्दलही तीच बोलली. कोणाला कुठलं पुस्तक दिलं ते क्रमांकासकट तू लिहायचीस, पुढं सही किंवा अंगठा घ्यायचीस. एकशे सदतीस बायका. ती वही सभेत दाखवता आली तर चारशे बारा गहाळ पुस्तकांचा प्रश्न मिटतो. सभासद त्रेसष्टचे दोनशे होतात. देवघेव किती झाली असेल त्याचा तर हिशेबच नाही. वाचनालय वाचू शकतं. मला वाटतं एवढं सांगितलं म्हणजे पुरे आहे.

हरणाबाईला दुसरा भाग दिला. नोंद न करता दिला, कारण तिचं नाव बाद आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

रेश्मा


कवठसर
५ फेब्रुवारी २०२६

प्रांजल,

तुझं पोस्टकार्ड आलं. दादासोनं ते मला देण्याआधी वाचलेलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चार ओळी. ‘ताई, वही माझ्याकडे आहे. देणार आहे. पण मला का काढलं ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. तुम्ही मुख्याधिकाऱ्यांना काय लिहून दिलं होतं, ते तुमच्या अक्षरात मला पाठवा. मग वही येईल.’

दोन दिवस मी हे कार्ड ड्रॉवरमध्ये उपडं ठेवलं. पहिल्या दिवशी वाटलं, काय तोरा आहे. वाचनालय बुडतंय आणि ही मला अटी घालते. मी तुला जागा दिली, तुला कॅटलॉग शिकवला, तू आलीस तेव्हा तुला दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही यातला फरक माहीत नव्हता. अडला हरी म्हणतात तसं झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपण असतो तर आपण वही जाळली असती.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू सोडून गेलीस. गुरुजींनाही तेच सांगितलं. तू सोडून गेली नाहीस. दरवेळी वाढवून मिळणारा तुझा अकरा महिन्यांचा करार संपला आणि त्या वेळी मुदतवाढ मिळाली नाही. ती मिळाली नाही कारण मी ती मिळू दिली नाही. कार्यालयीन प्रत माझ्यापाशी आहे. तीन सप्टेंबर २०२१. जशीच्या तशी उतरवते.

‘सहायक ग्रंथपाल (कंत्राटी) यांनी एकूण ४१२ पुस्तके कोणतीही नोंद न करता परस्पर बाहेर नेली असून सदर पुस्तकांचा ठावठिकाणा लागत नाही. वारंवार तोंडी समज देऊनही वर्तनात सुधारणा नाही. सबब त्यांना मुदतवाढ देण्यात येऊ नये.’

तोंडी समज मी कधी दिली नव्हती. नोंद होती, हे मला माहीत होतं. तू रोज संध्याकाळी ती निळी वही माझ्या टेबलावर ठेवून जायचीस आणि मी ती सकाळी न उघडता तुझ्या टेबलावर ठेवायची.

आता, मी असं का केलं ते विचारशील. तू विचारलं नाहीस, पण लिहायलाच बसले आहे तर लिहिते.

ऑगस्टात तुला ताप आला होता. तू माडीवर झोपून होतीस आणि खालून मी म्हटलं, आज पिशव्या मी नेते. मला बघायचंच होतं, तू तिथं काय करतेस ते. माळवस्तीत पहिल्या दारात गेले तर आतून बाई म्हणाली, “प्रांजलबाई न्हाई आल्या व्हय?” दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात एका म्हातारीनं माझ्या हातातून पिशवी घेतली, माझ्या मागं रस्त्यावर बघितलं आणि म्हणाली, “का वं, आजारी हाय का पोरगी?” मी ग्रंथपाल आहे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शेवटी हरणाबाईनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि निघताना एक डबा हातात ठेवला. “पुरणाच्या पोळ्या हायत. प्रांजलबाईंना द्या. ताप उतरला की खात्याल.”

तो डबा मी तुला दिला नाही. आम्ही घरी खाल्ल्या. चांगल्या होत्या. डबा धुऊन दादासोच्या हाती परत पाठवला आणि सांग म्हटलं, बाईंना आवडल्या.

त्याच आठवड्यात सृष्टीची निबंधाची वही चाळली. दहावीत होती. ‘मला आवडणारी व्यक्ती’. मी सरळ शेवटचं पान काढलं, आईबद्दल काय लिहिलंय बघायला. आई त्यात एकदा आली होती. ‘प्रांजलमावशी आमच्या माडीवर राहते. आई तिच्याकडून भाडे घेते.’

त्यानंतर मी नियम काढला. सहा महिने वाचनालयात प्रत्यक्ष न आलेले सभासद बाद. नियम पुस्तकात आहे, मी बनवलेला नाही. फक्त ते दीड वर्ष वाचनालय वाचकांना बंद होतं आणि दाराचं कुलूप मीच लावत होते. लाल शाईनं एकेका नावापुढं ‘बाद’ लिहीत गेले. एका दुपारी एकशे सदतीस. हात दुखला होता. तुझी माणसं म्हणून लिहीत होते. वाचनालयाची माणसं आहेत, वाचनालय रिकामं होतंय, हे डोक्यात आलंच नाही. शेजारणीची म्हैस आटावी म्हणून आपल्याच विहिरीत माती टाकावी, तसा प्रकार.

त्रेसष्ट सभासद, नऊ-दहाची देवघेव, चारशे बारा गहाळ. विश्वजीतनं जे तीन आकडे माझ्या तोंडावर फेकले ते तिन्ही माझेच आहेत. त्यानं फक्त बेरीज केली.

हे तुला हवं होतं. माझ्या अक्षरात आहे. माफी मागायला हवी हे मला कळतं, पण आत्ता मागितली तर ती वहीसाठी मागितल्यासारखी होईल. तेवढी मी खाली उतरणार नाही.

रेश्मा


कवठसर
२५ फेब्रुवारी २०२६

प्रांजल,

वही पोचली. एसटी पार्सलनं, आज सकाळी. पोच द्यायची म्हणून देते.

उद्या अकराला सभा. दादासो आणि मी सकाळपासून तुझे क्रमांक दाखल नोंदवहीशी ताडून पाहतोय. चारशे सहा जुळले, सहा बाकी आहेत. तुझा तीन आणि पाच सारखाच दिसतो, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

हरणाबाईला निरोप धाडलाय, ज्यांना जमेल त्यांनी हातातलं पुस्तक घेऊन यावं म्हणून. किती येतील कोण जाणे. ऐन हंगामात ऊसतोडीला माणूस मिळत नाही, बायका मजुरी बुडवून कशाला येतील. तू बोलावलं असतंस तर आल्या असत्या.

रेश्मा


कवठसर
१ मार्च २०२६

प्रांजल,

सृष्टीनं तुला फोनवरून सगळं सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण ती सभागृहात नव्हती आणि मी होते.

बायका आल्या. त्रेचाळीस. नगरपंचायतीच्या जिन्यात आणि वरच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या हातात पुस्तक. कुणी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कुणी साडीच्या काठाचं. दोघं पत्रकारही आले, ते कुणी बोलावले मला माहीत नाही. नानासो गुरुजींवर माझा संशय आहे.

विषय निघाला. विश्वजीतनं तेच तीन आकडे वाचले. मग मला बोलावलं. मी तुझी वही पुढं ठेवली आणि म्हटलं, पुस्तकं गहाळ नाहीत, बाहेर जिन्यात उभी आहेत. क्रमांक ताडून घ्या. तो दारापर्यंत गेला, बाहेर बघून आला, आणि त्याचा चेहरा बदलला. माणूस हुशार आहे. त्रेचाळीस बायका म्हणजे त्रेचाळीस घरं, हे त्याला क्षणात कळलं.

वही हातात घेऊन त्यानं मधूनच उघडली आणि वाचली. मोठ्यानं. “‘पिशवी क्रमांक बारा. तळ्याची वस्ती. पुस्तकं रेश्माताईंनी निवडून दिली.’” पान उलटलं. “‘पिशवी क्रमांक तेरा. भट्टी. पुस्तकं रेश्माताईंनी निवडून दिली.’” त्यानं आणखी चार-पाच पानं बघितली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच.

आदल्या दिवशी मी ती वही आठ तास हातात धरली होती. फक्त आकड्यांचे रकाने बघत होते, तुझी चूक कुठं सापडते का ते. वरची ओळ वाचलीच नव्हती.

विश्वजीत म्हणाला, “बाई, हे तर तुमचंच काम आहे. मग रेकॉर्डला गहाळ का दाखवलं?” आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “लिपिकाची चूक झाली असं नोंदवू. ती कंत्राटी बाई गेली, गडबडीत राहून गेलं. तुम्ही फक्त हो म्हणा. तरतूद पूर्ववत करून टाकू, तुमचा सत्कारही करू.”

दारातून हरणाबाईनं ऐकलं आणि तिनं भर घातली. “व्हय की. मोठ्या बाईंची पिशवीच म्हणत हुतो आमी तिला. प्रांजलबाई नुसत्या पोचवायच्या. मोठ्या बाई निवडत्यात, त्यांना लय कळतं, असंच सांगायच्या दर बारीला.”

तेव्हा त्या दिवशी दारोदार तुझं नाव विचारत होत्या ते का, ते मला कळलं. मी कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं असतं तर त्यांनी मला बहुतेक पाटावर बसवलं असतं.

मी कधी निवडली गं पुस्तकं? तू पिशवी भरताना विचारायचीस, “ताई, कुठली देऊ?” आणि मी मान वर न करता म्हणायची, दे त्या खालच्या फळीतली. ती फळी वाळवीची होती, पुस्तकं जावीत म्हणून म्हणायची. तू ते निवडून दिली असं लिहिलंस. तुला खरंच तसं वाटत होतं, की आमच्यासारख्या पाटलांच्या घरच्या बाईचं नाव सांगितलं की वस्तीवरचे सासरे पुस्तक घरात येऊ देतील म्हणून, की नुसता चांगुलपणा होता? तीनही कारणं मी रात्रंदिवस घोळवते आहे आणि तिन्हींचा मला सारखाच राग येतो. एवढा मोठेपणा करायला तुला कुणी सांगितलं होतं?

सभेत सगळे माझ्याकडं बघत होते. एक ‘हो’ म्हणायचं होतं. खोटं सांगणार नाही, मला ते गोड लागलं होतं. मोठ्या बाईंची पिशवी. पंचवीस वर्षांत कुणी माझ्या नावानं काही म्हटलं नव्हतं. आणि वाचनालय वाचतच होतं, तेही कुणाचं नुकसान न होता. नुकसान झालं असतं ते तुझं, आणि ते पाच वर्षांपूर्वी होऊन गेलेलं.

मी नाही म्हटलं. त्यात माझा चांगुलपणा शोधू नकोस, तो तुझा प्रांत आहे. तू मला हे सगळं देऊन ठेवायचं आणि मी ते पदरात पाडून घ्यायचं, म्हणजे उरलेला जन्म तुझ्या उपकाराखाली. ते मला झेपणार नव्हतं. मी म्हटलं, “वही प्रांजलची, पिशव्या तिच्या. नोंदी बरोबर होत्या हे मला माहीत होतं. गहाळ मी लिहिलं. एकशे सदतीस नावं मी बाद केली. तिची मुदतवाढ मी अडवली. मला तिचा हेवा वाटत होता.”

सभागृहात हेवा हा शब्द कुणी ऐकला नसावा. लिहून घेणाऱ्या लिपिकानं मान वर करून विचारलं, “बाई, हे इतिवृत्तात घ्यायचं का?” मी म्हटलं, घ्या.

तरतूद पूर्ववत झाली आहे, एक वर्षापुरती. पतसंस्थेचा विषय मागे घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा मोजपट्टी येईल, तेव्हा वस्त्यांवरच्या पिशव्या चालू असल्या तर वाचनालय टिकेल, नाहीतर नाही, असं विश्वजीतनं सरळ सांगितलं. एकशे सदतीस नावं परत घ्यायची आहेत. शुक्रवारी सकाळपासून बायका येताहेत, दादासो फॉर्म भरून घेतोय. मी नाही, कारण माझी चौकशी लागली आहे आणि कार्यभार त्याच्याकडं दिलाय. कपाटांच्या किल्ल्या मोजून त्याच्या हातात ठेवल्या. तो रडायला लागला, त्याला म्हटलं, फरशी पूस. निवृत्तीला दोन वर्षं होती. चौकशीचं काय व्हायचं ते होईल. परत त्या खुर्चीवर काही मी बसत नाही, तसं लिहूनही दिलंय.

माफी मागते. आता वही मिळालेली आहे, त्यामुळं मागायला हरकत नाही. मी तुझं वाईट केलं, प्रांजल, आणि जाणूनबुजून केलं. अर्जुनातात्यांनाही सांग. तू परत आलीस तेव्हा गावात त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

वाईट बुद्धी गेली असं समजू नकोस. काल हरणाबाई पायरीवर भेटली. म्हणाली, “प्रांजलबाईंनी ह्यो निर्णय ऐकला तर लय आनंदत्याल.” मला लगेच आतून चावा बसला. पाहिलंस, निर्णय माझ्या तोंडून झाला आणि आनंद तुझा.

तर ऐक. ग्रंथपालाची जागा भरायचं ठरलंय, कंत्राटी नव्हे, कायम. जाहिरात पंधरा दिवसांत निघेल. पात्रता तुझ्याकडं आहे. आटपाडीची शेड अर्जुनातात्या आणि तिकडची पोरं सांभाळतील, सृष्टी रविवारी आहेच. पिशव्या पुन्हा चालू करणं इथं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला तर नाहीच जमायचं. तू त्या खुर्चीवर बसलेली मला बघवणार नाही. पहिल्या दिवशी मी तिकडं फिरकणारसुद्धा नाही, ते मनावर घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी येईन.

अर्जाची शेवटची तारीख कळली की मी लिहीन. तोवर सृष्टीला विचारू नकोस, गुरुजींनाही नको. ती मीच कळवणार. दुसऱ्या कुणाकडून तुला कळली तर मला सोसायचं नाही.

रेश्मा